आठ नंबरची खुर्ची

हेरन्स या आमच्या बेसबॉल टीमने चेंडू फेकणाऱ्या ओचोआला, आमच्या लाडक्या पिचरला, विकलं त्या सकाळी मी आमच्या दुकानात शिडीवर उभी होते. स्वेटरवरून ओचोआचंच नाव पाठीवर असलेली जर्सी घातली होती, आणि डिसेंबरात कुणीही विकत घेत नाही ते बागेचे पाइप मी वरच्या फळीवर चढवत होते. रेडिओवर बातमी लागली. खाली काउंटरमागे माझ्या वडिलांनी हातातला हातोडा हळूच बाजूला ठेवला. आपटला असता तर मला एवढी काळजी वाटली नसती.

"चांगला सौदा झाला," दारातून कोणीतरी म्हणालं.

मी नुसती मान वळवली. उंच, कानांवर ओढलेली लोकरी टोपी, खांद्यांवर बर्फ, आणि हातात आमच्याच दाराबाहेर ठेवलेलं बर्फ उपसायचं फावडं.

"काय म्हणालात?"

"म्हणजे... एकतीस वर्षांचा झाला तो. डाव्या कोपराचं दोनदा ऑपरेशन झालंय. बदल्यात वीस-बावीसचे दोन ताजे पिचर आणलेत." मग त्याची नजर माझ्या पाठीवर गेली आणि त्याचे कान लाल झाले. "अरे देवा. सॉरी. तुमचं काही... नातं आहे का?"

"होतं," मी म्हणाले. "दहा मिनिटांपूर्वीपर्यंत."

तो हसला. संताप आणणारी गोष्ट ही, की त्याला हसू शोभत होतं. त्याने उचललेल्या फावड्याचा दांडा तडकलेला होता, ते मला वरूनच दिसत होतं. मी चकार शब्द काढला नाही. पण डॅडनी नरड्यातून घर्र असा आवाज काढत ते फावडं हिसकावलं आणि दुसरं, चांगलं, त्याच्या हातात दिलं.

"टीमचं काही कळत नाही तुला," डॅड म्हणाले, "पण म्हणून फावडं फुटकं द्यावं असं नाही."

त्याचं नाव एमेट. नदीवरच्या, जहाजांसाठी उघडणाऱ्या पुलाची डागडुजी करायला सहा आठवड्यांपूर्वी आला होता. मूळचा आयोवातला. तिथे मोठी टीम नाही, त्यामुळे ज्या गावचा रेडिओ लागेल ती टीम आपली. त्याच्या आजोबांच्या ट्रकमध्ये हेरन्स लागायचे, एवढ्या भांडवलावर हा माणूस आम्हाला पिचर शिकवायला आला होता.

आणि शनिवारी परत आला.

दर हिवाळ्यात शनिवारी सकाळी आमच्या दुकानाच्या मागच्या भागात, लाकडाच्या शेगडीभोवती, पुढच्या मोसमाची टीम ठरते. खरी टीम ठरवतात ती माणसं दुसरीकडे बसतात आणि चुकीची ठरवतात. आमच्याकडे मुख्य माणसं दोन. एक डॅड. दुसऱ्या मिसेस लोरेटा डड्ली, चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मते जगातले सगळे प्रश्न डावखुरे पिचर सोडवू शकतात. नाताळाच्या आधी प्रत्येकजण एका कार्डावर आपली योजना लिहितो: सुरुवातीचे पाच पिचर कोण, कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं, किती वर्षं. कार्ड पाकिटात, पाकिटाला तारीख घातलेली चिकटपट्टी, आणि पाकीट कॉफीच्या जुन्या डब्यात. एकदा टाकलं की हात लावायचा नाही. फेब्रुवारीत ज्या दिवशी पिचर फ्लोरिडात सरावाला हजर होतात, त्या दिवशी डबा उघडतो. मोठ्याने वाचायचं काम माझं, कारण बाकी सगळे वाचताना मनाचं घुसडतात.

"पाचवा पिचर कोण?" मी एमेटला विचारायचे.

"ते दोघं नवीन आलेत ना, त्यांच्यातला एक."

"दाढीसुद्धा नीट फुटलेली नाही त्यांना!"

"ट्रुडी, दाढीने चेंडू फेकत नाहीत."

"आणि ओचोआ? नऊ वर्षं राबला तो इथे. घर घेतलं होतं त्याने सरोवराकाठी. मुलीचं नाव शाळेत घातलं होतं."

"मग? हात गेल्यावरही ठेवायचा?"

"हो! ठेवायचा! माणसं ठेवायची असतात!"

मी जरा जास्तच जोरात म्हणाले असणार, कारण मिसेस डड्लींनी विणकाम थांबवलं. एमेटने पिशवीतून जॅम भरलेला एक डोनट काढला, पोलिश बेकरीतला, माझ्या आवडीचा, आणि माझ्या कपाच्या कडेला ठेवून दिला. आवडतो हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पिठीसाखर त्याच्या मिशीला लागली होती आणि मी ते सांगितलं नाही, बघत बसले.

मी त्याच्याशी बोलत होते ते केवळ तो चुकत होता म्हणून. असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते.

खरं दुखणं वेगळं होतं. स्टेडियममध्ये तिसऱ्या बेसच्या बाजूला, रांग बारा, खुर्ची सात आणि आठ, मोसमभराच्या पासाच्या. मी नऊ वर्षांची असल्यापासून सात माझी, आठ डॅडची. तिथेच त्यांनी मला सामन्याचं गुणपत्रक भरायला शिकवलं. "नावं पेन्सिलनेच लिही," ते म्हणायचे, "हेरन्सचा माणूस आहे, पुढच्या वर्षी असेल याचा नेम नाही." आणि आता ओचोआ गेल्यावर डॅडनी शपथ घेतली होती की हा मालक असेपर्यंत स्टेडियमची पायरी चढणार नाही. स्टेडियमच्या ऑफिसचा नियम असा की जोडी फोडत नाहीत. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेच्या आत आठ नंबरपुढे कोणाचं तरी नाव हवं, नाहीतर दोन्ही खुर्च्या गेल्या.

"डॅड, शपथ मोड ना रे."

"मी कोवाल्चिक आहे," डॅड म्हणाले. आमच्या आडनावाचा हट्ट गावाला ठाऊक आहे, याच्यापुढे बोलणंच खुंटतं.

जानेवारीत एकदा एमेट मला गाडीपर्यंत सोडायला आला. गारांचा पाऊस कपाळावर टोचत होता. माझ्या मफलरचं टोक दारात अडकलं, ते त्याने सोडवलं, आणि सोडवल्यावरही हातातच धरून उभा राहिला. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. मला एकदम फार भीती वाटली आणि फार बरंही वाटलं.

"एमेट," मी म्हणाले, "आठ नंबर... तू घेशील?"

त्याला ती खुर्ची म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. दीड महिना तो आमच्या शेगडीपाशी बसला होता. त्याने मफलर सोडला. खिशात हात घातले.

"एक वर्षासाठी घेतो," तो म्हणाला. "पुढचं... पुढे बघू."

दुसऱ्या कुठल्या गावात हे वाक्य साधं असेल. आमच्याकडे एक वर्षाचा करार कोणाला देतात हे मिसेस डड्लींच्या मांजरालाही माहीत आहे. ज्याच्या खांद्यावर भरवसा नाही त्याला. ज्याला जुलैत दुसरीकडे धाडायचं आहे त्याला.

"एक वर्ष?" मी म्हणाले. "मी काय मोडक्या कोपराची आहे?"

"तसं नाही गं... मला कंपनीचं पत्र आलंय. पुलाचं काम संपलं की ऑरेगन. कदाचित."

"म्हणजे तूही चाललास."

"कदाचित म्हणालो मी—"

"ओचोआ निदान आपणहून गेला नाही! त्याला दुसऱ्यांनी पाठवलं. तू स्वतःच स्वतःला विकतोयस!"

मी दार लावून घेतलं. मफलर परत अडकला. तो तसाच लोंबकळत ठेवून घरी गेले आणि वाटभर रडले, आणि वायपर चालू असूनही समोरचं दिसेना, याचाही राग आला. या गावातून चांगलं ते सगळं जातं. मी हे लहानपणापासून पेन्सिलने लिहीत आले होते. मग या एका माणसाच्या बाबतीत मला अक्कल का आली नाही?

तीन शनिवार तो आला नाही. "तो आयोवावाला कुठंय?" डॅड विचारायचे. "त्याचं चूक असतं, पण नीट चूक असतं." मी त्यांना हातोडे लावायला बसवलं.

चौदा फेब्रुवारीला पिचर फ्लोरिडात पोचले. डबा उघडायचा दिवस. नियम असा की ज्याचं पाकीट त्याने हजर असायला हवं, नाहीतर पाकीट न वाचता शेगडीत. दहाला पाच मिनिटं असताना एमेट आला, टोपी हातात, आणि दाराशीच उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हणजे दोनदाच पाहिलं.

मिसेस डड्लींच्या कार्डावर पाच डावखुरे होते. त्यातले दोघे निवृत्त आणि एक वारलेला.

"वारला?" त्या म्हणाल्या. "अगंबाई. पण हात चांगला होता."

डॅडच्या कार्डावर ओचोआचं नाव पाच वेळा होतं.

"डॅड, ही योजना नाही."

"ही माझी योजना आहे."

मग एमेटचं पाकीट. पट्टीवर माझ्याच अक्षरातली तारीख: वीस डिसेंबर. पट्टी शाबूत. मी कार्ड काढलं आणि रुक्ष आवाजात वाचायला लागले. पहिला पिचर, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा, तो बिनदाढीचा. खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं.

"रांग बारा," मी वाचलं. "सात, ट्रुडी. आठ..."

"वाच ना पोरी," मिसेस डड्ली म्हणाल्या.

"आठ, मी, तिच्या वडिलांची हरकत नसेल तर. मुदत... ती कंटाळेपर्यंत. अट... मला कुणी दुसरीकडे पाठवायचं नाही."

शेगडीत एक लाकूड फुटलं.

"हे तू डिसेंबरात लिहिलंस," मी म्हणाले. "मी विचारायच्याही आधी."

"हो."

"मग एक वर्ष कुठून आलं?"

"पत्र मधे आलं ना. हातात नाही ते लिहून कसं देऊ? तूच म्हणालीस, माणसं ठेवायची असतात. मी राहणार की नाही हेच मला माहीत नव्हतं."

"आणि आता?"

"कंपनीला नाही म्हणून कळवलं. इथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बांधकाम खात्याला पुलांवर माणूस हवा होता. मंगळवारी मला घेतलं त्यांनी."

"मंगळवारी?" माझा आवाज चढला. "आज शनिवार आहे! चार दिवस काय करत होतास?"

"डबा आज उघडतो ना," एमेट अगदी भाबडेपणाने म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर नियम मोडला असता."

असल्या माणसाचं काय करायचं! आणि डॅड, माझे सख्खे वडील, मान डोलावत होते. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "डबा म्हणजे डबा." मग ते खाकरले. "खुर्ची घे, आयोवा. पण एखाद्या दिवशी तुला ताप आला... तर शपथेचं काय करायचं ते मी बघेन."

मी एमेटसमोर जाऊन उभी राहिले. त्याच्या कोटाला पुलावरच्या ग्रीसचा वास होता.

"ओचोआला विकलं ते चूक झालं म्हण."

"ट्रुडी... तुझ्यावर प्रेम आहे माझं. पहिल्या दिवसापासून आहे. तू शिडीवर होतीस तेव्हापासून." त्याने श्वास घेतला. "पण सौदा चांगलाच होता."

मी त्याचं तोंड बंद केलं. सगळ्यांदेखत, आणि बराच वेळ. मिसेस डड्लींनी दोन टाके चुकवले असं त्या अजून सांगतात.

मग मी काउंटरवरून स्टेडियमचा फॉर्म ओढला. उद्या शेवटची तारीख होती. डॅडनी सवयीने कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी ती बाजूला सारली, गल्ल्याशेजारचं निळं पेन उचललं, आणि आठ नंबरपुढे एमेटचं पूर्ण नाव घट्ट दाबून लिहिलं.