बाराशे वाक्यं

लिनक्स घालायला मला अडीच तास लागले, तेही एक सीडी ओरखडलेली निघाली म्हणून. २००६ चा उन्हाळा. त्र्यंबक रोडवरच्या आमच्या अंधांच्या वाचनालयाला कुणीतरी कॉम्प्युटरची तीन जुनी मशीनं दान दिली होती. दान कसलं, घरातली अडगळ गेली आणि वर पुण्य मिळालं! कुणालाही फुकट घेता येणारी, आतून उघडून दुरुस्त करता येणारी ही सिस्टीम त्यांवर मजेत चालली. पण मराठी वाचणारा धड आवाज तिच्यात नव्हता.

म्हणून मी बायकोला बसवलं. सुवर्णा शाळेत शिक्षिका, उच्चार खणखणीत. पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून, घाम पुसत तिनं बाराशे वाक्यं वाचली. त्यांचे बारीक तुकडे जोडून तिघांतलं एक मशीन हवा तो मजकूर तिच्या आवाजात वाचू लागलं.

सगळ्यात खूश भिकन. पन्नाशीचा, जन्मांध, सिन्नरकडचा. नुसत्या पावलांवरून माणूस ओळखायचा.

"सर, बाई दिवसभर आमच्याशी बोलत्यात. घरी तुमच्यासाठी काय उरतं?"

"टोमणे," मी म्हणालो.

दिवाळीनंतर एकदा तो म्हणाला, "सर, बाईंना खोकला झालाय. लय कोरडा हाय."

"मशीनला कसला रे खोकला?"

"मशीनला नाय. बाईंना."

मी चिडलो. रेकॉर्डिंगमधला श्वाससुद्धा मी स्वतः कापून काढला होता. हेडफोन लावला. परिच्छेद संपला आणि ती खोकली. एकदाच, तोंडावर पदर धरल्यासारखी.

फाइली तपासल्या. तारीख तीच, आकार तोच. डिस्क कोरी केली, सिस्टीम पुन्हा घातली, आवाज मूळ सीडीवरून घेतला. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी खोकल्याबरोबर कफ वाजत होता.

घरी सुवर्णा ठणठणीत होती. नाताळच्या सुट्टीत तिला खोकला लागला. तोच, कोरडा. मी तारखा मांडल्या. मशीन तिच्यापुढे दीड महिना चाललं होतं.

एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, हवा बदललीय. मी मान डोलावली. आयुष्यभर भुताखेतांना हसलेला माणूस मी, आणि आता त्या डब्याजवळ जायला घाबरत होतो.

आवाज पुसून टाकावा म्हटलं, तर हात धजेना. पुसला आणि तिलाच काही झालं तर? उलट मी मशीनला जपू लागलो. भारनियमनासाठी दुसरी बॅटरी आणली. रोज सकाळी जाऊन आधी ते चालू आहे ना ते बघायचो.

जानेवारीत मशीनचा आवाज कुजबुजीवर आला. महिनाअखेरीस एका सकाळी मशीन गप्प झालं. प्रोग्राम चालू, चूक एकही नाही, त्याच स्पीकरवर गाणी व्यवस्थित. मजकूर ओळीओळीनं पुढे सरकत होता, नुसता.

दीड महिना.

घरी सुवर्णा झिजत गेली. मार्चच्या मध्यात मात्र अचानक उतार पडला. ती जेवली, केस विंचरले. मला हुरूप आला. नवा आवाज भरायचा, जुना फेकायचा! त्याच दुपारी तिला रिक्षानं वाचनालयात आणलं. बाई येणार हे कळवलं होतं, म्हणून भिकन कोपऱ्यात वाट बघत बसला होता.

ती माइकसमोर बसली. हसली. पहिलं वाक्य वाचलं. स्वच्छ, खणखणीत. मी माझ्या कानांनी ऐकलं.

पडद्यावरची आवाजाची रेघ सरळच राहिली.

मी माइकवर टिचकी मारली. रेघ उसळली.

"परत वाच."

तिनं वाचलं. रेघ सरळ.

"अहो, आलं ना नीट?"

"आलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

भिकननं मान वळवली. कान दिला.

"सर, एकटेच काय बोलताय? बाई कधी येणार हायत?"