ज्याची घडी, त्याची उडी

"माझ्या कोटाला इस्त्री झाली का?" बाबांनी विचारलं तेव्हा ताईच्या हातात तोच कोट होता. तोच कोट घालून ते दुपारी तिच्या विरोधात उभे राहणार होते, हे त्या घरातल्या चौघांनाही पक्कं ठाऊक होतं.

ताईने कॉलरवरून इस्त्री फिरवली, बाह्या सरळ केल्या, छातीवर जिथे पदकं लागायची तिथे हलक्या हाताने दाब दिला... बापाच्या कोटाला सुरकुती राहू द्यायची नाही आणि बापाला जिंकूही द्यायचं नाही, हे तिने सकाळीच मनाशी ठरवून टाकलं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं जमणार, याचा विचार तिने केला नव्हता. जे करायचं ते नीट करायचं, एवढंच तिला माहीत होतं.

बाबांनी उभं आयुष्य जवानांना विमानातून उडी मारायला शिकवण्यात घालवलं होतं. सारी छावणी त्यांना उस्ताद म्हणायची. निवृत्तीनंतर गुडघे गेले, पण आवाज होता तसाच खणखणीत राहिला. लष्कराने नव्या धोरणावर सुनावणी ठेवली होती. हवाई तुकडीत बायकांना घ्यायचं का, त्यांना आजवर दिलेली सवलत काढायची का, यावर समिती सगळ्यांचं ऐकून घेणार होती. पण सगळ्यांचं म्हणजे कुणाचं, हे छावणीत शेंबड्या पोरालाही कळत होतं. उस्ताद नाही म्हणाले की निम्मी समिती नाही म्हणणार होती.

आणि ताई? ताई त्याच छावणीत पॅराशूटच्या घड्या घालायची. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, गुंतलेल्या दोऱ्या एकेक करून मोकळ्या करायच्या, ठरलेल्या क्रमाने घडी घालून पिशवी बंद करायची. त्या दालनाचा एकच कायदा होता, आणि तो तिथल्या कुठल्याही साहेबापेक्षा जुना होता... ज्याची घडी, त्याची उडी! साहेब कधीही आत येणार, मांडणीवरच्या कुठल्याही पिशवीवर हात ठेवणार, आणि ज्याने ती घडी घातली त्याने ती पाठीवर बांधून विमानात चढायचं. त्यामुळे तिथे कुणाचा हात कधी आळसावत नसे.

बायकांना मात्र यातून सूट होती. त्यांच्या घडीवर उडी मारायची ती एखाद्या पुरुषाने. मोठ्या मायेने दिलेली सवलत होती ती! फक्त उडी नाही म्हणून बढती नाही, बढती नाही म्हणून हवाई तुकडीच्या प्रशिक्षणाचं दार बंद, आणि वर "तुम्हाला किती जपतो आम्ही" हे ऐकून घ्यायचं. तोंडावर गोड आणि मागून दाराला कडी, असा तो प्रकार होता.

ताईच्या घडीवर उडी मारायची पाळी आली की तिचा धाकटा भाऊ, जो त्याच छावणीत जवान होता, हट्टाने पुढे यायचा. गेल्या महिन्यात अशाच एका उडीत तो जमिनीवर टेकला आणि वाऱ्याच्या झोताने त्याला दूरवर फरफटत नेलं. मांडीचं हाड मोडलं. चौकशी झाली. पॅराशूट उघडायला हवं तसंच उघडलं होतं, घडीत तसूभरही चूक नव्हती. पण इस्पितळाच्या जिन्यात बाबा तिला म्हणाले होते, "तुझ्यापायी माझा मुलगा अंथरुणाला खिळला." ते वाक्य ताईने गिळलं होतं... आणि ते अजून पचलं नव्हतं.

तिने या घरासाठी गिळलेलं ते काही पहिलं वाक्य नव्हतं. खूप वर्षांपूर्वी, बायकांची पहिलीवहिली तुकडी अधिकारी व्हायला निघाली तेव्हा तिचीही निवड झाली होती. त्याच आठवड्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. बाबा दूर सीमेवर, भाऊ शाळेत. ताई म्हणाली, पुढच्या वर्षी जाईन. मग पुढच्या वर्षी भावाची परीक्षा आली, त्याच्या पुढच्या वर्षी आईचं दुसरं दुखणं... शेवटी घराजवळ होतं म्हणून तिने हे घड्यांचं काम धरलं. मागून घेतलेल्या त्यागाचे लोक निदान आभार तरी मानतात. न मागता केलेला त्याग छताच्या पंख्यासारखा असतो, तो फिरतोय तोवर कुणी वर बघत नाही. आता नव्या धोरणाने तिला प्रशिक्षणाला जाता आलं असतं, पण वयाची अट या वर्षी संपत होती. आज नाही तर कधीच नाही!

"तुम्ही काय बोलणार आहात, बाबा?" तिने कोट पुढे करत विचारलं.

"जे खरं आहे ते. युद्धात सगळ्यांना समान वाटा द्यायला तिथे पंगत बसलेली नसते."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुझा काय संबंध? मी धोरणाबद्दल बोलणार आहे."

"त्या धोरणात मीच आहे, बाबा. दुसरं कोण आहे?"

खिडकीजवळच्या चाकाच्या खुर्चीतून आईने मोठ्या कष्टाने शब्द जुळवले, "अहो... एकदा... तिचं ऐका..."

"तू मध्ये पडू नकोस," बाबा म्हणाले.

आतल्या खोलीतून, पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला भाऊ ओरडला, "बाबा, ताईच्या आधी बोलून घ्या हां. नंतर तुम्हाला काही शिल्लक राहणार नाही."

गुडघ्यांमुळे बाबांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांना सुनावणीला ताईनेच नेलं. शत्रूच्या गाडीत बसून रणांगणावर जायची वेळ उस्तादांवर पहिल्यांदाच आली असेल.

सभागृह गच्च भरलं होतं. बाबा उठले तशी कुजबुज थांबली. "विमानाच्या दारात मी कितीतरी पोरं उभी केली आहेत," ते म्हणाले. "तिथे एकाचं लक्ष विचलित झालं तर दहा जण मरतात. बाई सोबत असली की आमचे जवान तिला सांभाळत बसतील. आणि सवलतीत वाईट ते काय? तिने बायकांचा जीवच वाचवला ना?" टाळ्या पडल्या. ताईने त्या शांतपणे ऐकून घेतल्या, आणि नाव पुकारलं तशी ती उठली.

"निकष खाली आणा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "त्यांना जेवढं ओझं तेवढंच मला द्या, त्यांना जेवढं पळवता तेवढंच मला पळवा. नापास झाले तर हाकलून द्या. पण परीक्षेला बसूच न देता नापास करू नका." ती एक पाऊल पुढे सरकली. "सवलतीत वाईट काय, असं विचारलंत. ते माझ्या घरी पलंगावर पडलंय. घडी माझी होती, उडीही माझीच होती. तो वारा मला लागायला हवा होता, पाय माझा मोडायला हवा होता... तुमच्या सवलतीने धोका कमी होत नाही, साहेब. तो नुसता दुसऱ्याच्या अंगावर जातो. तो माझ्या भावाच्या अंगावर गेला, आणि दोष तेवढा माझ्या पदरात पडला!"

मग ती बाबांकडे वळली. "उस्ताद, मी घातलेली घडी पाठीवर बांधून तुम्ही उडी माराल?"

"डोळे मिटून," बाबांच्या तोंडून निघून गेलं.

"मग मी का नको?"

टेबलाचा आधार घेत बाबा पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला होता.

"अध्यक्ष साहेब, माझं मत अजूनही नाही असंच आहे," ते म्हणाले. "पण ते मोजू नका. ते उस्तादाचं मत नाही... बापाचं आहे. एका लेकराला स्ट्रेचरवर पाहिलंय मी. दुसऱ्याला दारात उभं करायची हिंमत माझ्यात नाही. पण ती माझ्यात नाही, तिच्यात आहे. माझी भीती तिच्या माथी मारू नका."

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "तुझी ती निवड... तू सोडलीस, ते मला तेव्हाच कळलं होतं."

ताईने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मी मुद्दामच विचारलं नाही. 'जा' म्हणालो असतो तर तू गेली असतीस. मग तुझ्या आईचं कुणी केलं असतं? मी गप्प बसलो, आणि तुझं आयुष्य फुकटात वापरलं, बेटा."

इतकी वर्षं अडवून धरलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. "तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, बाबा. तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून थांबले होते मी..."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला. मग डोळे पुसून गाडी सुरू करताना म्हणाली, "पण रडले म्हणून मागे हटेन असं समजू नका. उडी मी मारणारच."

समितीने समितीला शोभेल असंच केलं. बायकांना हवाई तुकडीत घेण्याचा मोठा प्रश्न आणखी एका समितीकडे ढकलला. पण सवलत रद्द झाली, आणि आपल्या घडीवर उडी मारायची तर शिकवायला हवंच, म्हणून प्रशिक्षणाचं दार त्याच वर्षी उघडलं. ताईने कोपरं सोलून घेतली, गुडघे फोडून घेतले, आणि ते पुरं केलं. त्यानंतर एके दिवशी साहेब दालनात आले आणि त्यांनी मांडणीवरच्या तिच्याच पिशवीवर हात ठेवला.

विमानात चढण्याआधी पाठीचे पट्टे स्वतःचे स्वतः तपासायचे नसतात, ते दुसऱ्याने तपासायचे असतात. त्या दिवशी ते काम करायला बाबा काठी टेकत मैदानात आले होते. जुन्या उस्तादाला अडवणार कोण? एकेका जवानाचे पट्टे ओढून बघत ते रांगेतून पुढे सरकले आणि ताईच्या मागे येऊन थांबले. आता ते 'जप' म्हणतील, असं तिला वाटलं. तो एक शब्द आला असता तर ती पुन्हा नुसती लेक झाली असती.

बाबांनी तिचा पट्टा असा हिसडला की ती मागे झुकली. "हनुवटी खाली, पाय जुळवून, आणि रांग अडवायची नाही," ते खणखणीत आवाजात ओरडले. "पुढचा!"

जन्मात पहिल्यांदाच ते तिच्याशी इतरांशी बोलायचे तसं बोलले होते. रांग हलली.

"ताई," मागचा जवान हळूच म्हणाला, "उस्तादांचे हात लटपटतायत. माझं बक्कल धरून नुसते उभे आहेत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि मागे वळून न बघता विमानाची शिडी चढू लागली.