भरल्या गाडीची ट्रायल

प्रीतम शीळफाट्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्यांदा आला, तो दारातच योगिनीला धडकला. तिच्या हातातला चहा त्याच्या शर्टावर सांडला, आणि वर सॉरी म्हणाला तोच!

तक्रारी घ्यायच्या काउंटरवर ती बसायची. शर्ट झटकत तो म्हणाला, "मॅडम, वळणावर माझ्या पिकअपचं स्टेअरिंग अडकतं. परत सरळच येत नाही."

मयूर मेकॅनिकने ट्रायल घेतली. गाडी कशी छान वळली! प्रीतम पुन्हा आला, पुन्हा तीच तक्रार, पुन्हा ट्रायल... आणि बिघाड काही सापडेना. मग मयूरने डोळा मिचकावला.

"स्टेअरिंग ठणठणीत आहे गं. तुला बघायला येतो तो!"

मनी वसे ते स्वप्नी दिसे. योगिनीला ते लगेच पटलं. माजिवड्याचे दौलतशेठ हीच तक्रार घेऊन आले, तर त्यांनाही तिने गोड बोलून परत पाठवलं. प्रीतमच्या तक्रारीवर मात्र ती मान खाली घालून हसायची आणि घरी जाऊनही हसायची.

एके दुपारी तो गेटबाहेरच थांबला. माल उतरवल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही, हा सेंटरचा नियम. आणि हौद्यात पाण्याचे जार खच्चून भरलेले.

"दिवा गावात कालपासून पाणी नाहीये, आधी हे पोचवायचेत. मॅडम, आज तुम्हीच बसा ना बाजूला... फक्त पुढच्या वळणापर्यंत."

ती बसली. ओढणी सावरली. जरा वेळाने तिने विचारलं, "इतकं काय बघताय?"

"आरसा बघतोय. तुमच्या बाजूचा."

"अस्सं?"

"मागून ट्रक येतोय ना..." तो म्हणाला. पण कान मात्र लाल झाले होते.

तेवढ्यात वळण आलं. त्याने स्टेअरिंग वळवलं, आणि ते तसंच राहिलं! गाडी सरळ होईना. समोरचा दुभाजक अंगावर यायला लागला.

"योगिनी, धर!"

त्याचा डावा हात तिच्यापुढे आडवा आला. कचकन ब्रेक लागला, गाडी दुभाजकाला घासून थांबली. मागचे जार धडाधड रस्त्यावर कोसळले.

योगिनीने अडकलेल्या स्टेअरिंगकडे पाहिलं.

"खरंच अडकतं..." ती कशीबशी म्हणाली.

"मग इतके दिवस मी काय सांगत होतो?"

"मयूर म्हणाला आणि मलाही वाटलं, थापा मारतोयस! मला बघायला येतोयस!"

बोलून गेली आणि तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. प्रीतमचं तोंड तर उघडंच राहिलं.

"हसत होते रे मी तुझ्यावर," तिला रडू फुटलं. "तुला काही झालं असतं तर..."

रडता रडता ती एकदम थांबली. रस्त्यावर लोळणाऱ्या जारांकडे बघतच राहिली.

"अरे देवा! तुम्ही सगळे माल उतरवून येता, आम्ही रिकामी गाडी चालवून बघतो. भरल्या गाडीची ट्रायल कुणी घेतलीच नाही!"

तिने तिथूनच फोन लावला. "मयूर, दौलतशेठना कळव. स्टेअरिंगची तक्रार केलेल्या सगळ्यांनाच कळव. गाडी बाहेर काढू नका म्हणावं. खोटं नव्हतं रे कुणीच... हो, आत्ताच्या आत्ता!"

दोघंही खाली उतरली. एक धड राहिलेला जार उघडून प्रीतमने तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. पाणी निम्मं सांडलं.

"मी राहतो कुठे, माहितीय?"

"दिव्याला."

"कल्याणला. घरासमोरच तुमच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे."

योगिनीची ओंजळ तशीच राहिली. एका दिवसात माणसाने किती धक्के खायचे!

"मग एवढ्या लांब, शीळफाट्याला..."

"स्टेअरिंग खरंच अडकायचं गं," तो मान खाली घालून म्हणाला. "पण मयूरही काही खोटं बोलला नाही."

ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

"आता गाडी तर तुमच्याकडेच पडून राहणार," तो हळूच म्हणाला. "मी उद्या काय घेऊन येऊ?"

"काही नको. रिकाम्या हातांनीच ये," ती म्हणाली. "पण ये."