समोरच्या शोरूमच्या मॅडम

"जरा डिकी उघडता का?"

आवाज आला, पण माणूस काही दिसेना. दिसलं ते खांद्यावरचं शिलाई मशीन — काळं, जुनं, चाकासकट. त्याच्या आडून दोन डोळे डोकावले... दमलेले, तरी हसरे.

चार वर्षं मी छोट्या गाड्या विकते आहे. लोक आधी रंग विचारतात, मग मायलेज, मग "शेवटचं किती?" मशीन घेऊन मात्र आजवर कुणी आलं नव्हतं.

तो घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करायचा. स्कूटरवरून ओझी वाहून पाठीचा पार भुगा झाला होता. त्याला स्वस्तातली गाडी हवी होती, पण डिकीत मशीन उभं राहील अशी. आडवं केलं की तेल गळतं. आमच्या डिकीचं झाकण नेमकं दोन बोटांसाठी अडलं.

"मागची सीट पाडली की ऐसपैस जागा होते," मी म्हटलं.

"बघतो..." त्यानं वहीत टिपलं. "समोरही विचारून येतो."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं, दुसऱ्या कंपनीचं शोरूम. तासाभरात स्वारी परत हजर.

"समोरच्या मॅडम म्हणतात, त्यांची गाडी लिटरमागे एक किलोमीटर जास्त देते."

"देऊ दे की! आमची अठरा हजारांनी स्वस्त आहे."

"असं?" त्यानं तेही लिहिलं. आणि चहा घेऊनच उठला.

मग हे रोजचंच झालं. समोरच्या मॅडम म्हणतात, आमच्याकडे मागे कॅमेरा आहे. समोरच्या मॅडम म्हणतात, मागच्या सीटलाही एसी लागतो. एकदा बोलता बोलता तो थबकला, "तुमची खुर्ची फार कुरकुरते हो," म्हणाला आणि खिशातल्या कुपीतून तेलाचे दोन थेंब सोडले. त्या दिवसापासून खुर्ची गप्प झाली... आणि कुरकुरायला लागले मी.

"समोरच्या मॅडमनी आज चक्करही मारून आणली," तो म्हणाला. "गाणी छान लावली होती त्यांनी."

"मग तिथेच घ्यायची ना गाडी! इथे काय चहा प्यायला येता?"

तो कान खाजवत निघून गेला.

घरी वहिनीनं भाजी निवडता निवडता पकडलंच. "काय गं, राग मायलेजचा आहे की मॅडमचा?"

"वहिनी, एका किलोमीटरनं काय होतंय!"

"तेच म्हणते मी. एवढं आहे तर जाऊन बघून ये, तिला खळी पडते का."

देवापुढे हात जोडले की मी रोज म्हणते, सगळ्यांचं भलं कर. त्या संध्याकाळी 'सगळ्यांचं' या शब्दाशी जीभ अडली. लाज वाटली स्वतःची. पण करू काय? एक ना एक दिवस तो गाडी घेणारच होता. ती तिच्याकडून घेतली, तर माझ्या टेबलापाशी यायला त्याला कारणच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनीची ओढणी डोक्यावरून घेतली, तिचाच गॉगल चढवला आणि गिऱ्हाईक बनून रस्ता ओलांडला.

खळी होती. दोन्ही गालांना!

मी गाडीभोवती फिरले. दार उघडलं, रबरावरून बोट फिरवलं, दार लोटून आवाज ऐकला, डिकीची उंची वितीनं मोजली, वाकून टायरवरची तारीख वाचली.

"बसा ना," मॅडम हसल्या. "समोरच्या ना तुम्ही?"

मी गारच पडले. "तुम्हाला कसं —"

"अहो, गिऱ्हाईक आधी आरशात स्वतःला बघतं. दाराच्या रबराला हात लावणारी माणसं आपल्याच धंद्यातली." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. आमच्याकडेही असतो तो; गिऱ्हाईकानं गाडी का घेतली नाही, त्याचं कारण लिहायचा. त्यात लिहिलं होतं: 'मन समोरच्या शोरूममध्ये. गाडीशी संबंध नाही.'

"रोज येतो आणि विचारतो, मॅडम, तिकडे जाऊन सांगण्यासारखं अजून काही आहे का? कॅमेरा झाला, एसी झाला. आता माझ्याकडे स्टेपनी तेवढी उरलीय! उरका बाई तुमचं, माझं टार्गेट बुडतंय."

परत येताना गॉगलमागे मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

चार वाजता तो आला. "समोरच्या मॅडम म्हणतात —"

"त्यांचीच घ्या," मी म्हटलं. "त्यांच्या डिकीत तुमचं मशीन उभं राहतं. आज बघून आले मी. अठरा हजार जास्त जातील, पण पाठ वाचेल."

त्याचा चेहरा उतरला. वही मिटली. "मग... इथे यायचं कसं?"

"यायलाच हवं का?"

"हो." कानाच्या पाळ्या लाल. "मला गाडी पहिल्याच दिवशी पसंत पडली होती. तिकडची. तुम्हीही... पहिल्याच दिवशी. पण गाडी घेतली असती तर तुम्ही कशाला बोलला असता माझ्याशी?"

तीन आठवडे मी ज्या बाईवर जळत होते, ती बिचारी याला नुसती निमित्तं पुरवत होती!

"रविवारी मला सुट्टी असते," मी टेबलाकडे बघत म्हटलं. "आणि मी गाडी न विकताही बोलते."

"पुष्कळ?"

"वहिनीला विचारा."

तो हसला. तेवढ्यात मला आठवलं — चावी देताना फोटो काढतात! गिऱ्हाईक, गाडी... आणि शेजारी विकणारी मॅडम.

"फोटोत त्या उभ्या राहणार?"

"तशी पद्धत आहे म्हणे..."

"पद्धत मला माहीत आहे. मी येते."

शनिवारी मी आमच्या कंपनीचा निळा कोट घालून समोरच्या कंपनीच्या गाडीपाशी उभी राहिले. रस्त्यापलीकडे आमचे साहेब काचेला नाक लावून डोळे विस्फारून बघत होते. कॅमेरा मॅडमच्या हातात होता.

"आणखी जवळ," दोन्ही खळ्या पाडत त्या म्हणाल्या. "मधे मशीन मावेल एवढी जागा कशाला ठेवलीय?"