मळीच्या खड्ड्यावरचा खून

काल्याचं कीर्तन आटोपलं होतं. पंगतीची पानं मांडली जात होती. फौजदार सयाजी मंडपाच्या खांबाला टेकून, डोळे मिटून बुवांची चाल मनात घोळवत होता. एवढ्यात हरणाबाई अनवाणी धावत आली. माळावर मेंढरं राखणाऱ्या धुळाची बायको. पत्रावळ्या तुडवत ती त्याच्या पायाशी कोसळली.

"सायेब, माज्या धन्याला मारत्याती! डिस्टिलरीवर बाभळीला बांधलाय. म्हंत्यात, त्येनं मानूस मारला!"

सयाजी उठला. हाताला अजून दह्याचा वास होता. काल्याचा हात धुवायचा नसतो. उष्ट्याच्या आशेनं देव मासे होऊन यमुनेत आले, म्हणून गोपाळांनी हात घोंगड्यालाच पुसले, ही कथा बुवांनी आज काय रंगवली होती! म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट साऱ्या मंडपानं हात डोक्याला पुसले होते.

पुसल्या हातानंच त्यानं जीप काढली.

वाळूखिंडीची डिस्टिलरी येरळा नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर होती. दारू काढून उरलेलं तांबडंकाळं, आंबूस पाणी, म्हणजे मळी, तिथं मोठ्या खड्ड्यांत साठवायची. तिथं ती मुरवून, निवळवून मग सोडायची, असा सरकारी नियम. पण शहात्तर सालच्या त्या उन्हाळ्यात ओढा तांबडाच वाहत होता. मासे उलटे झाले होते. त्यात हात घातला तर कातडी खाजायची. धुळाची चाळीस मेंढरं ते पाणी पिऊन मेली होती.

धुळा बाभळीला बांधलेला होता. रखवालदारांच्या काठ्यांनी पाठीची सालटं निघाली होती. ओठ फाटला होता. पायाशी रक्तानं माखलेली कुऱ्हाड पडली होती.

"सोडा त्याला," सयाजी म्हणाला.

"आवं, खुनी हाय त्यो!" चेअरमन आकारामबापू ओरडले. "परवा भर चावडीत म्हनला, एकेकाला मळीत बुडवतो!"

"सोडा म्हटलं ना!"

दोर सुटताच धुळा खाली कोसळला. खड्ड्याच्या काठावर प्रयोगशाळेचा मदतनीस कृष्णात पालथा पडला होता. तोंड मळीत, डोक्यामागं भोक. सयाजीनं खाली वाकून पाहिलं. कुऱ्हाडीनं चीर पडते. इथं कवटी आत दबली होती आणि जखमेच्या कडा चौकोनी होत्या.

"कुऱ्हाडीला रगात कशाचं रं?"

"मेंढीचं, सायेब," धुळा कण्हत म्हणाला. "आज आनिक एक मेली. पोट फाडून बगितलं. आतडी काळी पडली हुती. ती चेअरमनला दावाया आलो, तर ह्यो पडलेला."

"धुळाला पहिल्यांदा कुणी पाहिलं?"

"मी." केमिस्ट नानासो पुढं आला. इस्त्रीचा शर्ट, कोपरापर्यंत ओल्या बाह्या. "काल्याहून परतलो, तर हा कुऱ्हाड घेऊन उभा. मीच रखवालदारांना हाक मारली."

"बाह्या भिजल्या कशानं?"

"प्रसाद घेतला. हात दह्यानं चिकट झालेले. येताना ओढ्यावर धुतले."

 सयाजी बापूंकडं वळला.

"कृष्णातचं कुणाशी वाकडं?"

"छ्या! गरीब पोरगं. काल संध्याकाळी आमी दोघं बसलो हुतो, मी अन् नानासो, तवा आला. म्हनला, बापू, कालिजातनं पत्तर आलंय, उद्या काला झाला की दावतो."

"कसलं पत्र?"

"ते काय बोललं न्हाई."

"आणि या नानासोला कामावर कसं घेतलं?"

"तिगं आले हुते. एक बाराशे मागं, एक नऊशे. ह्यो चारशात तयार. सर्टिफिकिटं तिघांची सारकीच, शिक्क्यासकट. कागदाला कागूद. मग म्हागाचा कशाला घ्यायचा?"

सयाजी कोठीत गेला. चुन्याची पोती भिंतीशी रचलेली होती. गेल्या पावसाळ्यापासून न फोडलेली, दगडासारखी घट्ट. त्यानं बाहेर येऊन सहज विचारलं,

"केमिस्टसाहेब, हा चुना कशाला असतो?"

"चुना? रंगरंगोटीला. डासांनाही मारतो."

एक रखवालदार खुदकन हसला.

सयाजी पुन्हा आत गेला. धुळीत एका पोत्याची ओढल्याची ताजी खूण होती. त्यानं ते पोतं हलवलं. मागं हातभर लांबीची लोखंडी चावी पडली होती. ओढ्यात मळी सोडायच्या व्हॉल्वची. तिचं टोक चौकोनी होतं आणि त्याला केस चिकटले होते.

फडक्यात धरून त्यानं ती बाहेर आणली.

"बापू, मळीचा आंबटपणा मारायला खड्ड्यात रोज चुना घालतात. शेताचा पाणीवाला पोरगासुद्धा हे सांगेल. तुमच्या केमिस्टाला ठाऊक न्हाई, कारण तो केमिस्टच न्हाई. मळी निवळवता येईना, म्हणून हा चोरून ओढ्यात सोडत गेला. कृष्णातला संशय आला. त्यानं कॉलेजला लिहून विचारलं. उत्तर आलं, ते यानं काल तुमच्याच समोर बसून ऐकलं. आज सारा गाव काल्याला. हा गेलाच न्हाई."

"खोटं! मी प्रसाद घेतला!"

"काल्याचा हात कुणी धूत न्हाई, नानासो. आणि धुवायचाच झाला, तर त्या खाजऱ्या ओढ्यात? या गावचं कुत्रंबी तिथं तोंड लावत न्हाई. तुला तिथंच धुवावे लागले, कारण हाताला दही नव्हतं. काय होतं सांगू?"

नानासोनं झडप घालून चावी हिसकली. पहिला घाव सयाजीच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा डोक्यावर येणार, एवढ्यात जमिनीवर पडलेल्या धुळानं रखवालदाराची काठी उचलून भिरकावली. पळत्या मेंढीच्या पायांत टाकतात तशी. नानासो तोंडावर आपटला. दात फुटले, चावी लांब उडाली. रखवालदार त्याच्यावर तुटून पडले. त्यांना आवरायलाच सयाजीला निम्मा जीव खर्ची घालावा लागला.

झडतीत बनियनच्या आत ते पत्र निघालं. सदर नावाचा विद्यार्थी येथून उत्तीर्ण झालेला नाही. एवढीच ओळ.

पंच आले. लोंबणारा हात दुसऱ्या हातानं सावरत सयाजी म्हणाला, "बापू, चावी याच व्हॉल्वची, हे पंचांसमोर सिद्ध व्हायला हवं. लावा आणि फिरवा. बंदच्या बाजूला."

बापूंनी मुकाट्यानं फिरवली. ओढ्यात पडणारी धार बारीक झाली आणि तुटली.

"आता द्या इकडं. जप्त."

"जप्त? आवं, खड्डे तर काठोकाठ भरल्यात! व्हॉल्व उघडला न्हाई तर कारखाना बंद ठिवावा लागंल!"

"ठेवा की."

"माजं रोजचं नुकसान कोन भरनार?"

हरणाबाई धुळाच्या पाठीवर हळद दाबत बसली होती. तिनं मान वर केली.

"आमचं कोन भरत हुतं, बापू?"

 बापू सयाजीकडं वळले. "चावी परत कवा मिळंल?"

"खटला संपला की."

"अन् त्यो कवा संपनार?"

"हायकोर्टापर्यंत गेला तर?" मोडका खांदा सावरत सयाजी जीपची पायरी चढला. "पांडुरंगाची इच्छा."