न कळण्याची नोकरी

दार उघडलं तर तिच्या नव्या खोलीच्या खिडकीत एक माणूस बसलेला. अर्धा आत, अर्धा बाहेर, ओठांत दोन स्क्रू धरलेले. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता आणि त्याच्या केसांवर, भुवयांवर बारीक थेंब जमले होते. तिच्या दोन्ही हातांत बॅगा, खांद्याला तिसरी, आणि दीड दिवसाच्या प्रवासानं चेहऱ्याचा पार चोथा झालेला. अशा वेळी कुणी देखणा माणूस भेटू नये... पण भेटतो.

तिच्यामागून घरमालकीणबाई धापा टाकत जिना चढून आल्या. त्यानं ओठांतले स्क्रू काढले आणि त्यांना त्यांच्या भाषेत म्हणाला, "मावशी, हीच का ती इंग्रजीवाली? थंडी पडली की पळणार बघ. स्वेटर बघितलंस तिचं? आमच्या वर्गातला पडदा याच्याहून जाड आहे!"

मग खिडकीतून खाली उतरला, हात पँटला पुसले आणि अत्यंत अदबीनं, इंग्रजीत म्हणाला, "आपले स्वागत असो. आता आपली खिडकी बंद होते."

ती नुसती हसली. "थँक यू," म्हणाली. खरं तर स्वेटर या विषयावर तिला न थांबता पाच मिनिटं बोलायचं होतं, तेही त्याच्याच भाषेत. कारण ती भाषा तिला झकास येत होती.

घरी तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू, रात्री झोप लागली की बंद, आणि कधीकधी झोपेतही चालू, असं तिची आई सांगायची. मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलूनही हिचं पोट भरेना, म्हणून कॉलेज सुटल्यावर संध्याकाळच्या क्लासला जाऊन ही भाषा शिकली. दोन वर्षं घासली. आणि इथल्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेला मदतनीस हवी आहे असं कळल्यावर पहिला अर्ज हिचाच गेला.

पण त्याच सकाळी, स्टेशनवरून थेट शाळेत गेल्यावर, मुख्याध्यापिकाबाईंनी तिला समोर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्हाला आमची भाषा येते हे फक्त मला माहीत आहे. तुम्हीही ते विसरा," त्या म्हणाल्या. "आमची पोरं महालबाड. समोरच्याला आपली भाषा कळते म्हटलं की इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढायची नाहीत. तेव्हा शाळेत नाही, दुकानात नाही, घरीसुद्धा नाही. गाव एवढंसं आहे, इथं प्रत्येक जण कुणाचा तरी मामा आहे. एवढं सांभाळलंत, तर पुढच्या वर्षीही तुम्हालाच ठेवू."

म्हणजे आमच्या रेडिओला पगार मिळणार होता तो गप्प बसण्याचा!

तिनं ते मनावर घेतलं. बेकरीत बोटानं दाखवून पाव घेऊ लागली. बसमध्ये शेजारच्या आजीबाई सुनेची उणीदुणी काढायच्या तेव्हा ही खिडकीबाहेर बघत राहायची, जिवाचा कान करून. आणि शाळेत खरोखर चमत्कार झाला. हिला काही कळत नाही म्हटल्यावर पोरांचा नाइलाज झाला. पेन्सिल चोरल्याची तक्रार इंग्रजीत, बाहेर जाऊ का हे इंग्रजीत, भांडणंसुद्धा इंग्रजीत मिटवायला यायची, आणि भांडणापुरतं इंग्रजी जुळवेपर्यंत निम्म्यांचा राग निघून जायचा. तिला हे काम मनापासून आवडायला लागलं. वर्गातल्या खडूचा वास, ओल्या कोटांनी भरलेली भिंत, लवकर अंधारतं म्हणून दुपारी चारलाच पेटणारे रस्त्यावरचे दिवे... सगळंच आवडायला लागलं.

आणि रविवार.

खिडकीतला तो माणूस तिच्याच शाळेत सुतारकाम शिकवत होता. ती मनातल्या मनात त्याला 'सुतारमास्तर' म्हणायची. दर रविवारी तो मावशीकडे जेवायला यायचा आणि मावशी भाडेकरणीलाही हाक मारायच्या. टेबलाशी तिघं. सूप, पाव, वाफेनं धुरकटलेली काच. पण सुतारमास्तर दोन होते. एक इंग्रजी बोलायचा. तो सरकारी पाटीसारखा होता. "सूप चांगले आहे काय?" "आज वारा आहे." दुसरा त्याच्या भाषेत मावशीशी बोलायचा आणि तो... तो असा काही बोलायचा की हसू दाबताना तिच्या पोटात कळ यायची.

"काय रे, कशी वाटते तुला ही?" सूप वाढता वाढता मावशींनी एकदा विचारलं. अगदी तिच्या समोर.

"बरी आहे. मान छान हलवते," तो म्हणाला. "शाळेत आमच्या वर्कशॉपच्या काचेतून दिसते. शिकवताना हात इतके हलवते की एक दिवस कुणाच्या तरी थोबाडात बसणार. पोरांची स्टुलं तपासायची सोडून मी तेच बघत बसतो. परवा तीन पायांचं स्टूल पास केलं, मावशी!"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सूप गरम आहे काय?" त्यानं काळजीनं इंग्रजीत विचारलं.

"हो," ती म्हणाली. "फारच."

पुढच्या एका रविवारी मावशींनी पुन्हा काडी टाकली आणि त्यानं सांगितलं, की ती हसली की तिच्या नाकावर एक सुरकुती पडते. एवढीशी. तिला स्वतःला ठाऊक नसेल. त्या दिवशी तिनं उरलेलं सगळं जेवण चमचा नाकासमोर धरून केलं.

एकदा शाळेसाठी लाकडाची लांब फळी न्यायची होती. तिनं पुढचं टोक धरलं, त्यानं मागचं. नदीकाठच्या रस्त्यानं, झिमझिम पावसात, दोघं चालले होते. मागून तो फळीशी बोलावं तसं स्वतःशीच त्याच्या भाषेत पुटपुटत होता, "हिला एकदा सांगून टाकावं. पण कुठल्या तोंडानं? इंग्रजीत मी म्हणजे नुसता ठोकळा. आणि ही बिचारी किती शांत, किती अबोल..."

अबोल! तिचं पाऊल अडखळलं.

"जड आहे काय?" मागून इंग्रजी आवाज आला.

"नाही, नाही." तिला वळून बघायचं होतं... आणि बघता येत नव्हतं. पाऊस मानेवरून आत उतरत होता आणि ती त्या फळीचं टोक धरून, इतकी सुखात, की हे शाळेचं फाटक आज लांब का सरकत नाही असं तिला वाटलं. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिला तिथं, फाटकाशी, लख्ख कळलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर आईचा फोन यायचा.

"आई, चोरून ऐकणं वाईट असतं का गं?"

"कुणाच्या दाराला कान लावलास?"

"नाही गं. समोरच बसलेली असते मी."

"मग चोरून कसं?"

"त्याला माहीत नाही ना, मला कळतं ते!"

आईचा आवाज एकदम गोड झाला. "त्याला म्हणजे... कोण तो?"

सगळं असं छान चाललेलं असताना तो रविवार उजाडला. सुतारमास्तर आला तो गप्पच. खुर्चीवर बसला, पावाचे तुकडे करत राहिला आणि मावशींना म्हणाला, "मोठ्या शहरातल्या एका कारखान्यातून नोकरीची विचारणा आलीय. होड्या बनवतात. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. जातो म्हणतो."

मावशींचा हात थांबला. "इथं काय वाईट चाललंय?"

"वाईट नाही. पण आहे तरी काय?" त्यानं एकदाच तिच्याकडे बघितलं आणि नजर पावाकडे नेली. "वर्ष संपलं की ही जाईल. आणि राहिली तरी काय, मावशी? आमचं बोलणं म्हणजे वारा आणि सूप. मी कसा आहे, मला कशाचं हसू येतं, कशाची भीती वाटते, यातलं हिला काहीही कळायचं नाही. तिच्या लेखी मी एक खिडकी दुरुस्त करणारा ठोंब्या. दर रविवारी समोर बसून असं... नाही होत माझ्याच्यानं."

आता तोंड उघडलं तर पुढचं वर्ष गेलं. मुख्याध्यापिकाबाईंना दिलेला शब्द गेला, आणि कदाचित पोरांचं इंग्रजीही. वर्ग, दिवे, ही खोली, सगळंच. आणि नाही उघडलं तर हा उद्या सकाळी 'येतो' म्हणून कळवणार. उद्या मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून मग बोलावं, तर उशीर झालेला असणार.

तिनं चमचा खाली ठेवला.

"ठोंब्या नाही," ती त्याच्या भाषेत म्हणाली. आवाज जरा चिरकलाच. "अजिबात नाही. आणि अबोल तर मी मुळीच नाही."

त्याच्या हातातला पाव सूपमध्ये पडला.

"तुम्हाला... आमची भाषा..."

"येते."

"कधीपासून?"

"यायच्या आधीपासून."

तो आठवत गेला. एकेक आठवण चेहऱ्यावरून सरकताना दिसत होती. "म्हणजे ते स्वेटर...?"

"ते मला अजूनही पटलेलं नाही. चांगलं लोकरी आहे."

"आणि स्टूल?"

"तीन पायांचं. हो."

"नाक...?" त्याचा आवाज खोल गेला.

"नाकसुद्धा."

"फळी?" आता तो जवळजवळ कुजबुजत होता. "फळी नका म्हणू."

"फळी," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला हसू येत होतं आणि रडूही. तेवढ्यात मावशींनी शांतपणे आपलं सूप संपवलं.

"मला तर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मी खालून ओरडले, दूध उतू चाललंय! आणि ही वरून धावत आली. इंग्रजीत ओरडले नव्हते मी."

त्यानं हात खाली घेतले. "मावशी! तुला ठाऊक होतं? आणि दर रविवारी हिच्यासमोर मला विचारत होतीस, कशी वाटते, कशी वाटते!"

"मग? तू आपणहून बोलणार होतास का या जन्मी? मी म्हटलं, निदान हिच्या कानावर तरी पडू दे." त्यांनी बशा गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. दार मात्र पुरतं लावलं नाही.

दोघंच उरली. "मज्जा वाटली असेल," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, पण लागलेलं होतं. "फुकटचा तमाशा."

"नाही हो... नोकरी होती माझी. न कळण्याची." तिनं त्याला सगळं सांगितलं. ते बंद दार, तो शब्द, पुढचं वर्ष. "उद्या जाऊन सांगणार आहे बाईंना. शब्द मोडला म्हणून. बहुतेक ठेवणार नाहीत."

त्यानं मान वर केली. "हे माहीत असून... आत्ता बोललीस?"

त्याच्या बोलण्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"काय करणार? तू चालला होतास."

"कुणाला काही सांगायची गरज नाही!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुमची ती मुख्याध्यापिका शाळेत माझ्याच बाकावर बसायची. फार तर मी बघते तिच्याकडे. पोरं इंग्रजी बोलतायत ना? मग झालं तर! माझ्या घरातलं घरात राहील. इतके दिवस मी गप्प बसलेच ना?"

दोघं एकदम हसली. तिच्या नाकावर सुरकुती पडली असणार, कारण तो बोलायचा थांबला आणि बघत राहिला. ती लपवायला तिनं हात उचलला, तर तो त्यानं अलगद धरून खाली आणला... आणि सोडलाच नाही. सुताराचा हात. खरखरीत, गरम.

"पण हे काही बरोबर नाही," तो हळूच म्हणाला. "तुला माझं सगळं कळलं. मी माझ्या भाषेत, माझ्या माणसाशी बोलताना कसा असतो ते. मला तुझं काय कळलं? इंग्रजी काही तुझी नाही. आणि हीही शिकलेलीच."

"मग?"

"तुझ्या भाषेत बोल. घरी बोलतेस तशी."

"तुला एक अक्षर कळणार नाही."

"नाही कळलं तर नाही. तूही तशीच बसलीस ना इतके रविवार!"

तिनं एक श्वास घेतला. आणि रेडिओ लागला.

"अरे शहाण्या, किती बोलतोस रे तू! आणि समोर आलं की नुसता खांब. पहिल्या दिवशी स्वेटरला नावं ठेवलीस ना, तेव्हा वाटलं होतं, याला एक सणसणीत ठेवून द्यावी. आणि आता बघ, सोमवार उजाडला की मी रविवार कधी येतो म्हणून बसते. आईला तुझं सगळं सांगून झालंय. रोज विचारते ती, काय म्हणतो गं तुझा खिडकीवाला? काय सांगू तिला, चालला म्हणून? होड्या बनवायला? आवडतोस रे तू मला. भयंकर आवडतोस. कुठ्ठे जायचं नाही, सांगून ठेवते!"

सांगताना तिचा मोकळा हात हवेत असा काही फिरत होता, की मिठाची बाटली आडवी झाली. तो तोंड उघडं टाकून बघत होता. ती थांबली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, आणि त्याचेही.

"ही तर मला अजून भेटलीच नव्हती," तो म्हणाला. "काय म्हणालीस?"

"सांगणार नाही."

"म्हणजे?"

"शिक!"

"अवघड आहे?"

"मला तुमची शिकायला दोन वर्षं लागली. तुझं डोकं बघता तीन धरून चाल."

"आणि इतके दिवस मला शिकवणार कोण?"

बाहेर पाऊस थांबला होता आणि पागोळीचे थेंब टपटपत होते. स्वयंपाकघरातला नळही अचानक बंद झाला होता.

"मी," ती म्हणाली. "राहीन की इथं."

त्यानं तिचा हात न सोडताच दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला आणि अंगठ्यानं काहीतरी टाइप करायला लागला.

"आत्ता कुणाला?"

"त्या होडीवाल्यांना," तो म्हणाला. "कळवून टाकतो, तीन वर्षं तरी येता येणार नाही."