पाठमोरी बाई

हे घडलेलं आहे. कुणाला पटो, न पटो.

गाव बोरी बुद्रुक. गेल्या पौषातली अमावास्या, तिन्हीसांज. बिबट्यामुळे दिवस मावळला की गावात दारं लागतात. म्हणजे बाहेरून कुणी आत येण्याचा प्रश्नच नव्हता.

हौशीरामची बायको साळुबाई त्याआधीच्या आषाढात गेली. तेव्हापासून त्याला एकच धास्ती. तिचा चेहरा आपण विसरणार.

फोटो होते. पण बांधावरून जाताना ती मान वळवून "येताय न्हवं?" म्हणायची, तसा एकही नव्हता.

ते चित्र आपल्या हातानं काढायचं, म्हणून तो मंचरला चांगदेव सरांकडे तैलरंग शिकायला जाऊ लागला. सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले.

"जन्मभर कांदा लावला, आता माणसं काढणार?" सर हसले. "आधी जुन्या चित्राची नक्कल करा."

त्यांनी एक छापील चित्र दिलं. विहिरीच्या पायरीवर बसलेली पाठमोरी बाई. पांढरं लुगडं. चेहरा दिसतच नाही.

"एक पाळायचं, हौशीराम. नक्कल पुरी होईपर्यंत आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ती बाई दुसऱ्याची आहे."

घरी मागच्या खोलीत त्यानं कॅनव्हासवर चौकटी आखल्या. एकेक चौकट बघायची, तेवढीच रंगवायची. काम झालं की धूळ बसू नये म्हणून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

लुगड्यापाशी हात अडला.

पांढरं त्याला बघवेना. त्यानं साळुबाईचं हिरवं इरकल रंगवलं. लाल काठासकट.

त्या दिवसापासून घरचं कुत्रं खोलीच्या उंबऱ्यावरच थांबू लागलं.

मग... कान दिसला.

छापील चित्रात तिथं नुसते केस होते. हौशीरामला वाटलं, आपलाच हात चुकला.

पुन्हा कॅनव्हास उलटला, तर... गालाची कड. रंग ओला. त्यानं तर आठवडाभर ब्रशला हातही लावला नव्हता.

तो घाबरला नाही. साळुबाई वळत होती.

"वळ गं," तो म्हणाला. "म्या हितंच हाय."

"मामा, कुणाशी बोलताय?" सून वृषालीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणाशी न्हाई."

अमावास्येला सांजेलाच वीज गेली. वृषाली चुलीपाशी, हौशीराम पुढच्या खोलीत.

मागच्या खोलीत... बांगड्या वाजल्या.

वृषाली भाकरी थापायची थांबली. बांगड्या वाजतच होत्या.

मग लुगड्याची सळसळ.

मग काहीच नाही. रातकिडासुद्धा नाही.

हौशीराम मोबाईलची बॅटरी लावून आत गेला. कॅनव्हासचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

बाई पुरती वळली होती.

तो चित्रासमोर बसला. डोळ्यांना धार लागली. "आली बग..."

वृषाली दारात उभी. पिठाचे हात तसेच.

"मामा... ही कोण?"

"तुजी आत्या. सासूला ओळखंना व्हय?"

"मामा, या आत्या न्हाईत."

"नीट बग."

"बगितलं. लुगडं तेवढं त्यांचं हाय."

हौशीरामनं पुन्हा पाहिलं. बाई त्याच्याकडे पाहत होती. ओळख असल्यासारखी.

साळुबाई आठवावी म्हणून त्यानं डोळे मिटले.

बांधावर... हीच.

अंतरपाट दूर झाला, समोर... हीच.

दवाखान्यात शेवटी हात धरला होता... हिनंच.

सकाळी त्यानं चित्र जाळलं. राख नदीला सोडली. काही उपयोग झाला नाही. फोटो कितीही बघितले, तरी डोळे मिटले की हीच. सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी शिकवणी बंद केली.

आता आषाढ तोंडावर आलाय. साळुबाईचं वर्षश्राद्ध. पान वाढून, नाव घेऊन जेवायला बोलवायचं असतं.

हौशीरामनं अजून भटजींना सांगितलेलं नाही.

बोलावलं तर... येणार कोण?